धोट्याचे अकरा मणी

आधी भोक बघ, सुगंधा, मणी मग.
आकार सगळ्यांना दिसतो,
भोक दिसतं फक्त दोऱ्याला.
ते जरा तिरकं गेलं
की गुळगुळीत मणीसुद्धा मान वाकडी करून बसतो
आणि बाई दिवसभर गळ्याशी हात नेत राहते.

बारके मणी मानेकडं, मोठे खाली,
हे लुमाण्णामामानं शिकवलं,
खानापुरात, त्याच्या लेथवर;
भुवया भुशानं पांढऱ्या, कानावर अर्धी बिडी.
सगळ्यात मोठा मणी मधोमध नको म्हणायचा,
बोटभर बाजूला सरकव.
काळीज तरी कुठं मधोमध असतं?
त्याचं ते बोलणं मला कधी पटलं नाही.
माळ मात्र दर वेळी पटली.

रंग दोनच घे.
हळदीतला कुडा आणि लाखेचा लाल,
थोडे भांडू देत एकमेकांशी.
तिसरा आला की जत्रा होते.
आणि वजन तळहातावर जोखू नकोस,
तळहात खोटं बोलतो.
गळ्यात घाल, चूल पेटव, वाक, बादली उचल,
मग सांग मला जड आहे का ते.

वडगावची निंगव्वा आली होती, तो शनिवार तुला आठवत नसेल,
तू तेव्हा यायची नव्हतीस.
बाजाराची पिशवी, खाली मेथी,
मेथीखाली धोटा.
माग मोडून विकला, म्हणाली,
खांब जळणाला गेले, हा एवढा ठेवला.
शिसवी, दोन्ही टोकांना लोखंड,
मधे पोकळ, कांडी बसायची तिथं,
आणि बाजूनं इतका झिजलेला
की अंगठ्याची जागा आयती तयार.
“इदु अवर मर,” म्हणाली.
हे त्यांचं लाकूड.
चाळीस वर्षं मी शहापुरात दोन्ही भाषांत भाव करते,
तरी कानाला आधी मराठीच लागली.
मर.
लाकूड नंतर ऐकू आलं.

सोनं नको होतं तिला, काळे मणी तर नकोच.
गळा गार पडतो, एवढंच म्हणाली.

पोकळ धोट्यातून निघणार किती?
मी कापत गेले, दोन चिरले, एक लेथवरून उडून
कुठं गेला तो अजून सापडला नाही.
राहिले अकरा.
अकरा मण्यांची माळ होत नाही बघ,
म्हणून मी घरचे शिसवी मणी काढले, तसेच, त्याच रंगाचे,
कुणाला कळलंही नसतं.
ओवले. बघितले.
परत उसवले.

मग मण्यामागं गाठ, गाठीमागं मोकळा दोरा,
कुठं दोन बोटं, कुठं तीन,
मोजून नाही, हाताला वाटलं तसं.
रिकामी जागा भरायची घाई असते ना आपल्याला,
तुझी तर फारच.
सूत जायचं ते बारकं भोक,
चिनी मातीची कडी बसवलेलं, आतून दोऱ्यानं घासलेलं,
तो तुकडा मी गोल केलाच नाही.
तसाच ओवला, बोटभर बाजूला.
पुन्हा सूतच गेलं त्यातून.

लांबी चुकली माझी.
नेहमीच्या मापानं गाठ मारली होती, छातीपर्यंत.
तिनं घातली आणि दोन बोटांनी
दोरा वर उचलून धरला.
इथं नको, म्हणाली. तिथं ते होतं.
म्हणून सरकगाठ शिक आधी, बाकी सगळं मागाहून.
चार बोटं वर घेतली,
गळ्याच्या खळगीशी.

आरसा पुढं केला, तिनं बघितलं नाही.
बोटांनीच बघितलं, एकेक मणी,
ओंदु, एरडु, मूरु…
हन्नोंदुला थांबली.
मधल्या मोकळ्या दोऱ्यावरूनही
बोट तितकंच सावकाश फिरत होतं.
“साकु,” म्हणाली.
लोखंडी टोकं नातवाला भोवऱ्याला होतील म्हणून
मेथीवर ठेवून घेऊन गेली.

पैसे? अर्धे घेतले.
तेही द्यायला ती दोनदा आली.

बस आता, ऐकलंस तेवढं पुरे.
तो दोरा मेणातून ओढ,
आणि मणी उजेडाकडं धरून एका डोळ्यानं बघ,
पलीकडचं दार सरळ दिसतंय का त्यातून.